रीबे आम्ट : रद्द झालेल्या जिल्ह्याची सहल

डेन्मार्कमध्ये जटलंड द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ३१ डिसेंबर २००६ पर्यंत एक जिल्हा होता, रीबे आम्ट. क्षेत्रफळ ३,१३२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आणि पालिका चौदा. तिथे एकाच पालिकेत गावठाण, शेती आणि शहर सगळं येतं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जानेवारी २००७ ला, देशातली सगळी १३ आम्टं बरखास्त झाली. त्यांच्या जागी पाच विभाग आले आणि २७१ पालिकांच्या ९८ झाल्या. रीबे आम्टच्या चौदापैकी तेरा पालिका एकत्र होऊन एस्बियर्ग, वार्दे, बिलुन्ड आणि वायेन या चार मोठ्या पालिका झाल्या. चौदावी, फानो बेटाची, होती तशीच राहिली.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत, सामान्य प्रशासन विभागात गेली. लेक-जावई एस्बियर्गला राहतात. जून महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मी लेकीला म्हटलं, कोपनहेगन राहू दे, मला हा जुना जिल्हा बघायचाय. जिल्हा रद्द होतो तेव्हा माणसांचं नेमकं काय होतं, हे मला बघायचं होतं.

शनिवार : एस्बियर्ग

एस्बियर्ग हे कागदावर जन्मलेलं गाव. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने दक्षिणेकडचा श्लेस्विग हा प्रांत गमावला, त्याबरोबर पश्चिम किनाऱ्यावरची बंदरंही गेली. इंग्लंडला लोणी आणि मांस पाठवायचं कुठून? म्हणून १८६८ साली कायदा करून इथे बंदर बांधायचं ठरलं. तेव्हा इथे मोजकी शेतघरं होती. आज शहराची वस्ती सत्तर हजारांच्या वर आहे. रस्ते सरळ, चौक काटकोनात, जुनं असं फारसं काही नाही. सुंदर म्हणावं असं हे शहर नाही, पण कामाचं आहे, आणि मला कामाची शहरं आवडतात. बंदरात पवनचक्क्यांची पाती आडवी ठेवलेली दिसतात. एका पात्याच्या कडेने चालायला लागलो, तर टोक यायला बराच वेळ लागला.

किनाऱ्यावर स्वेन वीग हान्सेन यांचं १९९५ सालचं शिल्प आहे. नऊ मीटर उंचीची चार पांढरीशुभ्र माणसं समुद्राकडे तोंड करून ताठ बसलेली. संध्याकाळी तिथे गेलो तेव्हा वारा इतका होता की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. रात्रीचे दहा वाजले तरी ऊन! ह्यांनी दोनदा घड्याळ कानाला लावून बघितलं.

जाणाऱ्यांसाठी एक सांगते. छत्री नेऊ नका, या वाऱ्यात ती पहिल्याच कोपऱ्यावर उलटी होते. टोपी असलेलं रेनकोटासारखं जाकीट जूनमध्येही जवळ हवंच.

रविवार : फानो

एस्बियर्गहून फानोला फेरीबोट बारा मिनिटांत पोचते. इतकं जवळचं बेट, साडेतीन हजारांच्या आतली वस्ती, तरी पालिका स्वतंत्र! २००७ च्या सुधारणेत वीस हजारांहून कमी वस्तीच्या पालिकांनी एक तर शेजाऱ्यात विलीन व्हायचं किंवा मोठ्या पालिकेशी सहकार्याचा करार करायचा, असा नियम होता. फानोने करार पत्करला. काही कामं एस्बियर्गकडून करून घेतात, पण सभागृह, नगराध्यक्ष आणि निर्णय स्वतःचे.

नॉर्डबी गावात एका घराबाहेर गुलाबांना पाणी घालणाऱ्या आजींशी लेकीने गाठ घालून दिली. वय ऐंशीच्या पुढे. मी नगरपालिकेबद्दल विचारते म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की झारी खाली ठेवून त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं. त्या म्हणाल्या, "आम्ही हे बेट राजाकडून विकत घेतलंय, आता फुकट कसं देऊ?" आणि ते खरंच आहे. १७४१ साली राजाने बेट लिलावात काढलं आणि बेटावरच्याच लोकांनी ते घेतलं. त्याबरोबर जहाजं बांधायचा आणि व्यापाराचा हक्क मिळाला. पुढच्या शतकात शिडाच्या जहाजांच्या संख्येत फानोच्या पुढे फक्त कोपनहेगन होतं.

पुरुष वर्षानुवर्षं समुद्रावर, त्यामुळे शेती, गुरं, घर सगळं बायकांच्या अंगावर. इथल्या संग्रहालयात त्यांचा पोशाख बघितला. एकावर एक घातलेले जाडजूड घागरे, आणि शेतात काम करताना वाळू आणि उन्हापासून चेहरा वाचवायला कापडी मुखवटा, ज्याला डोळ्यांपुरती जागा. दाराशी उभं राहून तो मुखवटा मी खूप वेळ बघत होते. नवरा मलाया-चीनच्या वाटेवर, आणि ही बाई वाळूच्या वाऱ्यात बटाटे काढतेय.

बेटाच्या दक्षिण टोकाला सोंडरहो आहे. घरं गवताने शाकारलेली आणि सगळी पूर्व-पश्चिम लांबीची, म्हणजे पश्चिमेचा वारा घराच्या अरुंद बाजूवर येतो. प्रत्येक दारावर छपरातून वर निघालेली एक तिकोनी भिंत दिसते. आधी वाटलं नुसती शोभा. मग एका घरमालकांनी सांगितलं की गवताला आग लागली तर जळता पेंढा दारात कोसळू नये आणि माणसं बाहेर पडू शकावीत, म्हणून ती असते. खिडक्यांत चिनीमातीच्या कुत्र्यांच्या जोड्या, खलाशांनी इंग्लंडहून आणलेल्या. नवरा घरी असला की कुत्र्यांची तोंडं आत, समुद्रावर असला की बाहेर, असं सांगतात. चर्चच्या छताला लाकडी जहाजं टांगलेली आहेत, डझनभराहून जास्त, बेटावरच्या खलाशांनी वाहिलेली.

जेवायला बाकस्कुल मागवलं. हा चपटा मासा मीठ लावून, वाळवून, धुरी देऊन ठेवतात आणि आयत्या वेळी लोण्यात परततात. बरोबर राईचा काळा पाव. पहिला घास खाल्ला आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडच्या खारवलेल्या बांगड्याची चव, वर धुराचा वास. ह्यांनी कोकणातल्या आजोळची आठवण काढत दुसरी प्लेट मागवली.

दुपारी किनाऱ्यावर गेलो. जूनमध्ये इथे जगभरातले पतंगवाले जमतात. वाळू इतकी घट्ट आणि किनारा इतका रुंद की गाड्या थेट वाळूवर फिरतात. आकाशात एका वेळी शेकडो पतंग होते, देवमाशाएवढे फुगवलेले, आठ पायांचे, माणसाच्या आकाराचे. इथे कोणी कोणाचा पतंग कापत नाही. एका जर्मन गृहस्थांनी माझ्या हातात दोर दिला. त्या दोराची ओढ अशी होती की ह्यांनी मला मागून धरलं.

मंगळवार : रीबे

एस्बियर्गहून रीबेला गाडीने जेमतेम चाळीस मिनिटं. रीबे हे डेन्मार्कमधलं सगळ्यांत जुनं शहर, आठव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बाजार भरायला लागला. जिल्ह्याला नाव याच गावाचं आणि जिल्ह्याचं ठाणंही इथेच, एस्बियर्ग कितीतरी मोठं झालं तरी. २००७ ला मात्र रीबेचं दोन्ही गेलं. आम्ट गेलं, आणि पालिका एस्बियर्गमध्ये विलीन झाली.

इथलं जुनं रोधूस, म्हणजे नगरभवन, बघण्यासाठी मी सगळ्यांत आतुर होते. इमारत १४९६ ची. गावाने ती १७०९ साली घेतली आणि तेव्हापासून २००६ पर्यंत गावचा कारभार तिथे चालला. जवळजवळ तीनशे वर्षं! आत कर्जबुडव्यांना ठेवायची कोठडी आणि गावच्या जल्लादाची तलवार आहे. सभागृह लहानसं आहे. मी मागच्या रांगेत उभी राहिले. इथे किती ठराव मांडले गेले असतील, किती अंदाजपत्रकांवर रात्र झाली असेल! आता तिथे पर्यटक येतात आणि लग्नं लागतात. तिकीट देणाऱ्या बाईंना विचारलं, तुम्हाला कधी वाईट वाटतं का? त्या म्हणाल्या, "कागदपत्रं आता संगणकावरच करायची, त्याचं काही नाही. पण पूर्वी रस्त्यात नगराध्यक्ष भेटला की खड्डा तिथल्या तिथे दाखवता यायचा." पूर्वी दर बुधवारी आमच्या सभापतींकडे लोक असेच यायचे, तेव्हा मला हे लगेच पटलं.

नदीकाठी एक लाकडी खांब आहे, त्यावर कडी आणि वर्षांचे आकडे. समुद्राचं पाणी वादळात कुठवर चढलं त्याच्या या खुणा. सगळ्यांत वरची खूण १६३४ च्या ऑक्टोबरची, नेहमीच्या पातळीपेक्षा सहा मीटरच्या वर. आमच्यातले सगळ्यांत उंच जावई, हात वर केला तरी ती खूण बरीच वर राहते. पाणी कॅथेड्रलमध्ये शिरलं होतं. किनाऱ्यावरची खेडीच्या खेडी त्या रात्री बुडाली. १९१० च्या दशकात बांध घातला आणि नदीच्या मुखाशी झडपांचा दरवाजा केला, तेव्हा कुठे गावाला शांत झोप लागली.

कॅथेड्रलच्या बुरुजावर २४८ पायऱ्या आहेत. मी चढले, हे खालीच थांबले. वरून सपाट हिरवं कुरण आणि पलीकडे चंदेरी पट्टी, ते वाडन समुद्राचं, म्हणजे ओहोटीत तळ उघडा पडणाऱ्या उथळ समुद्राचं पाणी. बुरुजाचं नाव नागरिकांचा बुरूज, कारण तो चर्चपेक्षा गावाच्या कामाचा होता, टेहळणीसाठी आणि धोक्याची घंटा वाजवण्यासाठी.

रीबेत १६४१ साली मारेन स्प्लीड या शिंप्याच्या बायकोला चेटकीण ठरवून जाळलं. तिच्यावर आरोप करणारा दुसरा एक शिंपीच होता, धंद्यातला स्पर्धक. चेटकिणींच्या खटल्यांवर इथे २०२० पासून एक संग्रहालय आहे, ते अंगावर येतं. योगायोग असा की त्याच दिवशी २३ जून होता, डेन्मार्कभर सांक्त हान्सची रात्र. गावोगावी होळी पेटवतात, भाषण होतं, सगळे मिळून गातात. जवळच्या एका वस्तीत आम्ही गेलो. होळीवर गवताची चेटकीण बसवलेली होती. मुलं टाळ्या पिटत होती. दुपारी मारेनची गोष्ट ऐकलेली, त्यामुळे मला ते बघवेना आणि मी नदीकडे तोंड करून उभी राहिले. शेजारच्या एका तरुणीने लेकीला सांगितलं की तिच्या आईच्या गावात बाहुली ठेवणं बंद केलंय. चांगलं केलं.

रात्री रीबेत परत आलो. उन्हाळ्यात रोज चौकातल्या जुन्या खाणावळीसमोरून रखवालदार निघतो. काळा झगा, हातात कंदील, थांबून थांबून गाणं म्हणतो आणि गावची एकेक गोष्ट सांगतो. फेरीला पैसे लागत नाहीत. रीबेत एक रात्र तरी मुक्काम करा, कारण दिवसाच्या सहलीवाल्या बस गेल्यावरच गाव खरं दिसतं.

बुधवार : मांडो

मांडो बेटावर माणसं तीसएक. तिथे जायला पूल नाही, फेरी नाही. ओहोटीत समुद्राच्या तळावरून ट्रॅक्टर जातो, त्याला उंच चाकांची बस जोडलेली. भरतीत तो रस्ता पाण्याखाली जातो. आमच्या चालकाने मधेच ट्रॅक्टर थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं. पायाखाली चिखलाची वाळू, तीवर किड्यांनी वर काढलेल्या वाळूच्या बारीक शेवया. त्याने फावडं मारून एक किडा हातावर घेतला आणि म्हणाला, या किड्यांमुळेच इथे दरवर्षी कोटभर पक्षी उतरतात. वाडन समुद्राचा हा डॅनिश भाग २०१० पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१४ पासून जागतिक वारसा आहे.

चालकाचा जन्म मांडोवरचा. त्याला विचारलं, आम्ट गेल्याने काय बदललं? तो हसला. "आमचं वेळापत्रक चंद्र ठरवतो."

जाणार असाल तर ट्रॅक्टरच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या. स्वतःची गाडी त्या वाटेवर घालू नका.

गुरुवार : ओक्सबोल, ब्लोवान

आता वार्दे पालिकेत असलेलं ओक्सबोल पूर्वी ब्लोवान्सहुक या छोट्या पालिकेचं ठाणं होतं. इथे मी दोन तासांसाठी गेले आणि दिवसभर राहिले. १९४५ मध्ये युद्धाच्या शेवटी पूर्वेकडून पळालेले सुमारे अडीच लाख जर्मन निर्वासित डेन्मार्कमध्ये आले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ओक्सबोलच्या लष्करी छावणीत एका वेळी ३५,००० माणसं राहत होती. शाळा, दवाखाना, नाटकाचं थिएटर, सगळं तारेच्या कुंपणाआड. १९४९ मध्ये शेवटचे गेले. आता तिथे जंगल आहे. छावणीच्या दवाखान्याच्या उरलेल्या दोन इमारती जोडून २०२२ मध्ये निर्वासितांचं संग्रहालय उघडलं. कानाला लावायचं यंत्र घेऊन झाडांतून चालायचं, इथे बराक होती, इथे स्वयंपाकघर. शेवटी दफनभूमी येते. दगडी क्रूसांवर जन्माचं आणि मृत्यूचं साल एकच, अशी किती तरी नावं मी वाचली.

कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली माणसं राहिली आणि त्याचं उल्हासनगर झालं. ओक्सबोलची माणसं मात्र सगळी निघून गेली. लेकीशी मी परतीच्या वाटेवर हेच बोलत होते.

ब्लोवानच्या किनाऱ्यावर जर्मन सैन्याचे काँक्रीटचे बंकर वाळूत रुतलेत. काहींना बिल वुड्रो या ब्रिटिश शिल्पकाराने १९९५ साली लोखंडी डोकी आणि शेपट्या लावून खेचरं बनवलंय, मुलं त्यांच्या पाठीवर चढतात. १९०० सालच्या दीपगृहावर चढलो तर क्षितिजावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसल्या. २००२ मध्ये इथे ८० पवनचक्क्या समुद्रात उभ्या राहिल्या, इतका मोठा प्रकल्प तोवर कुणी समुद्रात केला नव्हता. जावयांनी बोट दाखवून कुठली रांग कुठल्या वर्षाची ते सांगितलं.

शुक्रवार : बिलुन्ड, ग्रिन्स्टेड

बिलुन्डबद्दल सगळ्यांना माहीत आहे. ओले कीर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली, त्यातून लेगो ही खेळण्यांची कंपनी उभी राहिली. लहान मुलं बरोबर असतील तर दोन दिवस ठेवा. आमच्याबरोबर नव्हती, म्हणून आम्ही लेगो हाऊस बघून निघालो.

मला ग्रिन्स्टेड बघायचं होतं. २००७ मध्ये बिलुन्ड आणि ग्रिन्स्टेड एक झाले. ग्रिन्स्टेड मोठं, पण नाव जगाला माहीत बिलुन्डचं. शेवटी नाव बिलुन्डचं ठेवलं आणि नगरभवन ग्रिन्स्टेडला. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटला. आमच्याकडे नावावरून आणि मुख्यालयावरून किती आंदोलनं होतात हे मी फायलींतून बघितलंय.

बिलुन्ड किंवा ग्रिन्स्टेडला प्रवासी रेल्वे नाही. बसच्या वेळा शनिवार-रविवारी विरळ होतात, हे लक्षात ठेवा.

शनिवार : वायेन, आस्कोव, रोडिंग

एस्बियर्गहून वायेनला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसले होते. वाटेतल्या स्टेशनांत ही चार होती : ब्रामिंग, होल्स्टेड, ब्रोरुप, वायेन. चारही २००६ पर्यंत आपापल्या पालिकेची ठाणी. गाडी प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबत होती. ब्रामिंगजवळ १९१३ च्या जुलैत उन्हाने रूळ वाकून गाडी घसरली होती आणि त्यात अनाथ मुलांसाठी लढणारे खासदार पेटर साब्रो गेले. डेन्मार्कमध्ये उन्हाने रूळ वाकतात हे ऐकून ह्यांचा विश्वासच बसेना.

वायेनला लागूनच आस्कोव. इथे लोकशाळेत शिकवणाऱ्या पोल ला कूर यांनी १८९१ मध्ये सरकारी मदतीने पवनचक्कीतून वीज करायला सुरुवात केली. वारा पडला की वीज जाणार, म्हणून ते त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून साठवायचे आणि त्यावर शाळेत दिवे लावायचे. १९०४ पासून खेड्यांतल्या मुलांना विजेचं काम शिकवलं, त्यातून गावोगावी वीज गेली. जावई पवनचक्क्यांच्याच कामात आहेत, ते तिथे बोलायचे थांबेनात. आठवडाभर आम्हाला वाट दाखवणारा हा माणूस, आज त्याच्या कामाच्या मुळाशी उभा होता.

आस्कोवची शाळा इथे का आली, तर त्याचं कारण सहाएक किलोमीटरवरची कोंगेऑ नदी. पहिली लोकशाळा १८४४ मध्ये नदीच्या दक्षिणेला रोडिंगमध्ये निघाली. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांना परीक्षा आणि गुणांशिवाय शिकवायचं, ही ग्रुंडविग या डॅनिश पाद्री-कवीची कल्पना. १८६४ च्या पराभवानंतर नदी सरहद्द झाली, रोडिंग प्रशिया या जर्मन राज्यात गेलं आणि शिक्षक १८६५ ला नदी ओलांडून आस्कोवला आले. १९२० च्या जनमतानंतर रोडिंग डेन्मार्कमध्ये परत आलं, तरी आम्टची हद्द २००६ पर्यंत त्या भागात राहिलीच, रोडिंग दुसऱ्या जिल्ह्यात, सोंडरयुलंडमध्ये. २००७ ला रोडिंग वायेन पालिकेत आलं. मी पुलावर उभी राहिले तेव्हा नदी किती लहान आहे ते कळलं. दोन गाड्या एकामागोमाग उभ्या केल्या तर पात्र संपेल.

रोडिंगमध्ये आमचं शेवटचं खाणं, सोंडरयुलंडचं कॉफीचं टेबल. प्रशियाच्या राजवटीत डॅनिश मंडळींच्या सभागृहांना दारूचा परवाना मिळत नसे, म्हणून सभेला बायका घरून केक आणत आणि कॉफी चाले. त्यातून अशी पद्धत पडली की टेबलावर मऊ केक वेगळे आणि कोरडी बिस्किटं वेगळी, आणि प्रत्येकातला एक तरी घ्यायचाच. राईच्या पावाचा चुरा घातलेला, काळ्या मनुकांसारख्या आंबट फळांचा जॅम आणि साय भरलेला एक थरांचा केक मला सगळ्यांत आवडला. आमच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की २००७ च्या आधी नदीपलीकडच्या वायेनला त्या क्वचितच जात, आता दवाखाना, मुलीचं घर, नातवाचा फुटबॉल, सगळं तिथे आहे. "पण खरं सांगू," त्या म्हणाल्या, "मतदानाला गेले की अजून रोडिंगची माणसं शोधते यादीत."

हे टेबल आधी सांगून ठेवावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही. आणि सकाळपासून काही खाऊ नका. त्या बाईंनी आम्हाला एकही प्रकार सोडू दिला नाही.